एका फळीचा हिशेब

(मंडळाच्या कल्याण येथील वार्षिक मेळाव्यात, सुतारकाम स्पर्धेच्या पारितोषिक समारंभप्रसंगी परीक्षक या नात्याने केलेले भाषण)



परीक्षकाचे काम मोठे नाजूक असते. ज्यास पारितोषिक मिळते तो ते आपल्या गुणांचे फळ मानतो, आणि ज्यास मिळत नाही तो ते परीक्षकाच्या अज्ञानाचे फळ मानतो. म्हणून निकाल वाचण्यापूर्वी, तो आम्ही कोणत्या विचाराने दिला हे चार शब्दांत सांगण्याची अनुज्ञा असावी.

स्पर्धेचा नियम आपणांस ठाऊक आहेच. प्रत्येक स्पर्धकास सागाची एकच फळी दिली होती. लांबी ४ फूट, रुंदी ९ इंच, जाडी १ इंच. म्हणजे लाकूड अवघे पाव घनफूट, आणि वजन साडेचार किलोच्या आसपास. दुसरी फळी नाही, खिळा नाही, प्लायवूडचा तुकडा नाही. वस्तू कोणतीही करावी, मात्र ती घरात नित्य उपयोगी पडावी. उरलेले तुकडे पिशवीत भरून वस्तूबरोबर आणावेत.

हा नियम जाहीर होताच काही वडीलधाऱ्यांनी नापसंती दर्शविली. एक जण म्हणाले, "गवयाच्या हाती एकच सूर देऊन त्यास मैफल रंगव म्हणण्यासारखे हे आहे." दुसरे म्हणाले, "आपली मुले शिकली, सवरली, मिळवती झाली. आता चार हात फळीचे दारिद्र्य चारचौघांत कशाला मांडावे?" हा दुसरा आक्षेप आमच्या मनास अधिक लागला, कारण त्यामागे दुःख आहे. पण त्याचे उत्तर आपल्याच इतिहासात आहे.

आपले पूर्वज गावगाड्यातील बलुतेदार. त्यांना लाकडाची वखार कधी होती? नांगर करावयाचा असेल तर शेतकरी आपल्या बांधावरचे झाड तोडून आणी, आणि सुताराच्या अंगणात टाकी. लाकूड त्याचे, हात आमचे. जे आणले त्यातूनच नांगर, जू आणि दाते निघाले पाहिजेत. सुतार प्रथम त्या ओंडक्याभोवती फिरे. फांदीचा निसर्गतः आलेला बाक कोठे आहे ते पाही आणि नेमक्या त्याच जागी नांगराचा वाक काढी, म्हणजे लाकडाचे तंतू बाकाबरोबर अखंड वळत जात आणि ढेकळांत नांगर मोडत नसे. सरळ लाकडातून तोच वाक कापून काढला, तर तंतू मध्येच तुटतात. ही विद्या टंचाईनेच शिकविली. तेव्हा एका फळीचा नियम हे आपल्या दारिद्र्याचे प्रदर्शन नव्हे. आपल्या विद्येची ती सर्वांत जुनी परीक्षा आहे.

आणि ही काटकसर केवळ गरिबाघरचीच होती असेही नाही. ज्या कल्याणात आपण आज जमलो आहोत, ते १६५७ साली शिवाजी महाराजांच्या ताब्यात आले आणि येथील खाडीकाठी मराठ्यांच्या आरमाराच्या उभारणीस आरंभ झाला. जहाजास लाकूड किती लागते हे निराळे सांगावयास नको. तरीही पुढे १७१५ च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमाराच्या लाकडाविषयी जी शिस्त नमूद झाली, ती वाचून आजही मान लवते. सागासारखी झाडे तोडावयाची तीही परवानगीने. आंबा-फणसाची झाडे रयतेने लेकरांप्रमाणे वाढविलेली असतात, म्हणून त्यांना हात लावू नये. एखादे अगदी जीर्ण झालेच असेल, तर मालकास राजी करून आणि मोबदला देऊन ते घ्यावे. ज्यांच्या हाती सत्ता होती, त्यांनी झाडाचा हिशेब इतका चोख ठेवला. मग आपण फळीचा ठेवण्यात कमीपणा कसला?

आता एक आमच्याच फजितीची कथा सांगतो. उमेदवारीच्या पहिल्या वर्षी आमच्या गुरूंनी आम्हांस अशीच चार फुटांची फळी दिली आणि बारा-बारा इंचांच्या चार बाजू कापून चौकोनी पेटी करण्यास सांगितले. बारा चोक अठ्ठेचाळीस! हिशेब इतका सोपा की आम्ही हसलोच. एक तुकडा मापला, कापला. दुसरा मापला, कापला. तिसरा तसाच. चौथा मापण्याची गरज काय, तो उरलेलाच होता. पेटी जुळवू लागलो, तो एक कोपरा मिळेना. चौथा तुकडा तीन सुतांनी तोकडा भरला. करवतीने प्रत्येक वेळी एक एक सूत लाकूड भुशाच्या रूपाने खाल्ले होते, आणि ते आमच्या हिशेबात कोठेच नव्हते.

आम्ही दुसरी फळी मागितली. गुरू रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "तोकड्यास लांब करणे ब्रह्मदेवासही जमावयाचे नाही. लांबांना तोकड्याच्या मापावर आण." उरलेले तिन्ही तुकडे तीन तीन सुतांनी कापले. पेटी लहान झाली, पण काटकोनात बसली. ती पेटी अजून आमच्या घरी आहे. करवत चालविण्यापूर्वी भुशाचा हिशेब मांडावा, हा धडा आम्ही त्या दिवशी शिकलो. तो लाकडापुरताच आहे असे आम्हांस वाटत नाही. लग्नकार्याचे अंदाजपत्रक करणाऱ्या वधूपित्यांनाही तो उपयोगी पडेल!

आता स्पर्धेविषयी. पिशव्या उघडून पाहण्यास आम्ही बसलो तेव्हा एक पिशवी जवळजवळ रिकामी आढळली. त्या स्पर्धकाने फळीचा तसूही वाया घालविला नव्हता. स्टूल दिसण्यात फार देखणे होते. आम्ही त्यावर बसलो, आणि सभागृहातील मुलांना पुष्कळ दिवस पुरेल एवढे हसू दिले. पाय मोडला होता. कारण उघड होते. फळीची लांबी वाचावी म्हणून त्याने पाय रुंदीतून आडवे काढले होते. लाकडाचे बळ तंतूंच्या दिशेने असते. तंतू पायाच्या उभ्या अंगाने जावयास हवेत. ते आडवे गेले म्हणजे पाय बिस्किटासारखा तुटतो. या मुलाचा हात उत्तम आहे, ही चूक तो पुन्हा करणार नाही. परंतु सर्वांनी ध्यानात घ्यावे की काटकसर म्हणजे भुसा कमी पाडणे नव्हे. जे लाकूड वापरले त्याचा पुरता उपयोग होणे, ही काटकसर.

दुसऱ्या एका स्पर्धकाच्या फळीत जुने चौकोनी भोक होते. यंदाच्या फळ्या येथीलच एका पाडलेल्या वाड्याच्या तुळयांतून चिरून घेतल्या होत्या, हे आपणांस सांगावयाचे राहिले. बाजारात येणारे पुष्कळसे सागवान आज आफ्रिकेतून आणि दक्षिण अमेरिकेतून जहाजाने येते, आणि आपल्या डोळ्यांदेखत ठाणे, कल्याण, डोंबिवलीतील जुनी घरे पाडली जाऊन त्यांचे पिकलेले सागवान मिळेल त्या भावाने जाते. तर त्या तुळईत कोणा जुन्या सुताराने कुसू बसविण्यासाठी पाडलेले ते भोक होते. फळी बदलून द्या, असे मुलगा म्हणाला असता तर आम्ही दिली असती. तो म्हणाला नाही. त्याने भोक बरोबर मध्यावर येईल असा पाट आखला, त्याच्या कडा गोल केल्या, आणि पाट उचलण्याची मूठ तयार झाली. शंभर वर्षांच्या अंतराने दोन सुतारांनी एकच काम मिळून केले. त्यास आम्ही द्वितीय पारितोषिक देत आहोत.

प्रथम पारितोषिक डोंबिवलीच्या एका कन्येस जात आहे. तिने आपल्या आजीसाठी पोथी ठेवण्याचे दुमडते व्यासपीठ केले. ही वस्तू आपल्यातील वृद्धांनी पाहिली असेल. तीत जोड नाही, खिळा नाही, बिजागरी नाही. फळीच्या मध्यावर बिजागरीची बोटे पटाशीने कोरावयाची, दोन्ही टोकांकडून फळी जाडीतून त्या बोटांपर्यंत चिरत न्यावयाची, आणि मग ती हलकेच उघडावयाची. एका फळीच्या दोन होतात, पण एकमेकींत गुंतलेल्याच राहतात. करवत एक सूत पुढे गेली की सारे गेले. या कामास तिने दोन फूट लाकूड घेतले.

उरलेले दोन फूट? ते तिने जसेच्या तसे परत आणले. पिशवीत अखंड अर्धी फळी होती आणि वर चिठ्ठी होती, "पुढच्या वर्षीच्या स्पर्धकासाठी."

आम्हां परीक्षकांत येथे मतभेद झाला. एकाचे म्हणणे, फळी पूर्ण वापरली नाही तर स्पर्धा पुरी कशी झाली? आम्ही नियम पुन्हा वाचला. एका फळीतून करा, असे तेथे लिहिले होते. फळी संपवा, असे कोठेही लिहिले नव्हते. आम्ही सर्व वयस्क मंडळी जे वाचू शकलो नाही, ते त्या मुलीने वाचले होते.

बंधुभगिनींनो, कार्ल्याच्या लेण्यात छताच्या सागवानी कमानी सुमारे दोन हजार वर्षांनंतरही टिकून आहेत. तेथेच एक दार धेनुकाकटच्या सामी नामक सुताराने केल्याचा ब्राह्मी लेख आहे. राजे आणि श्रेष्ठी यांच्या दानलेखांच्या पंगतीत एका सुताराचे नाव बसले, ते त्याच्या कामामुळे. आपली सर्वच मुले करवत हाती धरतील, असा आमचा आग्रह नाही. ती डॉक्टर होवोत, इंजिनिअर होवोत, कचेरीत अधिकारी होवोत. पण जे हाती आले त्याभोवती एकदा फिरून पाहावे, त्याचे तंतू ओळखावे, आणि मगच करवत लावावी, ही आपल्या घराण्यांची रीत त्यांच्यापाशी राहावी.

ती अर्धी फळी आम्ही मंडळाच्या चिटणीसांकडे सोपविली आहे. पुढील वर्षी ती कोणा तरी मुलामुलीच्या हाती जाईल. त्या स्पर्धकास लाकूड कमी पडेल असे आम्हांस मुळीच वाटत नाही.

आता निकाल वाचावयास घेतो.