चालता येतं म्हणून हाड शाबूत, असं नाही
(प्रभागसंघाच्या मासिक सभेत हाडांच्या वॉर्डातल्या सिस्टरांनी केलेलं भाषण)

बचत-कर्जाचं बोलणं झालं, आता दहा मिनिटं माझं ऐका.

आमच्या वॉर्डात सत्तावीस वर्षांची एक ऊसतोड करणारी बाई आली होती. डोक्यावर मोळी घेऊन ट्रकला लावलेल्या फळीवरून चढताना पडली. उठता येईना. उचलून कोपीत नेलं, हाडवैद्यानं चोळून पट्टी बांधली. उचल घेतलेली, फेडायची होती. दवाखाना राहिला तो राहिलाच. चार महिन्यांनी काठी टेकत आली. पाय आखूड झालेला, पंजा बाहेर वळलेला. एक्स-रे काढला तर खुब्याचं हाड मानेत मोडलेलं.

आता हे आपोआप का जुळलं नाही? मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाला गोळा असतो, तो कमरेच्या वाटीत फिरतो. गोळ्याखाली मान. गोळ्याला रक्त मुख्यतः या मानेवरूनच जातं. मान मोडून सरकली की रक्त तुटतं आणि गोळा हळूहळू मरायला लागतो. त्यात पायावर भार दिला की दोन तुकडे एकमेकांवरून घसरतात, मान झिजत जाते. चोळून ते बसत नाही, आणखी सरकतं.

म्हाताऱ्या आजीचं असं हाड मोडलं तर बहुतेक वेळा कृत्रिम गोळा बसवतात. तरुण बाईला तो झटकन बसवत नाहीत, कारण तो झिजतो आणि पुढे पुन्हा ऑपरेशन करावं लागतं. म्हणून एमआरआय करून आधी बघतात, गोळा जिवंत आहे का. असला तर मानेच्या खाली हाड तिरकं कापून थोडं वळवतात, प्लेट-स्क्रू बसवतात. मग भार पडला की तुकडे घसरण्याऐवजी एकमेकांवर दाबले जातात. कधी पायाच्या नडगीशेजारचं बारीक हाड काढून मानेत घालतात. (ते हाड काढलं तरी चालता येतं, घाबरू नका.) गोळा मेलेला, बसलेला असेल तर मात्र तरुणपणीही सांधा बदलावा लागतो.

आमच्या बाईचा गोळा वाचला. पण कित्येक आठवडे पाय टेकवायचा नाही म्हटल्यावर सासूबाई म्हणाल्या, "मग पाणी कोण आणणार?" खरी अडचण ती. काठी सुटायला सात महिने लागले. मांडी घालून बसता येत नाही, फडात ती परत गेली नाही. गोळा पुढेही बसू शकतो म्हणून तपासणीला येत राहावं लागतं. हेच पडल्या दिवशी आली असती तर बहुतेक नुसत्या स्क्रूवर भागलं असतं.

अजून एक. मान मोडून तुकडे एकमेकांत रुतले तर माणूस लंगडत चालूही शकतो. म्हणून पडल्यावर जांघेत दुखतंय, झोपून पाय सरळ उचलता येत नाही, एवढं दिसलं तरी एक्स-रे काढा. पाय टेकवू नका, चोळू देऊ नका, १०८ ला फोन करा. मोटरसायकलवर मध्ये बसवून आणतात, तसं तर अजिबात नको.

जाताना रेशनकार्ड आणि आधारकार्ड घ्या. महात्मा फुले जनआरोग्य योजनेच्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसतो. आपलं ऑपरेशन योजनेत बसतं का, ते भरती होतानाच त्याला विचारा. पैसे भरून झाल्यावर नको.