कलेची वेठ नाकारा

(एका बुद्धविहारात नवदीक्षित धम्मबांधवांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा सारांश)



आपल्या नवदीक्षित कुटुंबांतील मुले आता कलाशाळांतून शिकून बाहेर पडत आहेत. कोणी चित्रकार आहे, कोणी मूर्तिकार, कोणी छायाचित्रकार. कोणी पुस्तकांची मुखपृष्ठे आणि दुकानांची बोधचिन्हे रेखाटतो, कोणी गीते रचतो आणि गातो. ही अभिमानाची गोष्ट आहे. परंतु या मुलांपुढे एक जुने संकट नवे वस्त्र लेवून उभे आहे. त्याविषयी चार शब्द बोलणे मी एक वकील या नात्याने माझे कर्तव्य समजतो.

हे संकट असे. गिऱ्हाईक म्हणते, "आधी काम करून दाखवा. पसंत पडले तर पैसे देऊ." दहाजणांकडून दहा नमुने मागविले जातात. एकाला पैसे मिळतात, नऊजण रिकाम्या हाताने परततात. कधी कधी तर दहावाही परततो. शिंप्याला "तीन सदरे शिवून आण, आवडेल त्याचे पैसे देईन" असे कोणी म्हणत नाही. गवंड्याला "भिंत बांध, मग पाहू" असेही कोणी म्हणत नाही. मग चित्रकारालाच असे का म्हणावे? कापड आणि विटा डोळ्यांना दिसतात. बुद्धीचे श्रम दिसत नाहीत, म्हणून ते फुकटचे मानले जातात, हेच त्याचे कारण होय.

फुकट राबणे म्हणजे काय, हे आपल्याला कोणी शिकवावयास नको. महार वतनाच्या नावाखाली आपल्या वाडवडिलांना अष्टौप्रहर सरकारच्या व गावाच्या दाराशी तिष्ठावे लागे. वतनदार हजर नसला तर त्याच्या घरातील दुसऱ्या माणसाला कामावर ओढले जाई. मोबदला म्हणून तुटपुंजी जमीन आणि दारोदार मागावयाचे बलुते! ही गुलामी मोडण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात वतन कायद्यात दुरुस्ती करणारे बिल मांडले. मुंबई राज्यातील कनिष्ठ गाववतने रद्द करणारा कायदा मात्र १९५८ साली झाला, आणि तो पाहावयास बाबासाहेब राहिले नाहीत. मेलेली गुरे ओढण्याचे आणि गावापुढे हलगी वाजविण्याचे काम आपल्या लोकांनी नाकारले, तेव्हा अनेक ठिकाणी बहिष्कार सोसला, उपासही काढले. नकार देणे हा आपल्या मुक्तीचा पहिला धडा होता.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. भारतीय संविधानाच्या कलम २३ ने वेठबिगारीस बंदी केली आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली, आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या प्रकरणात, एक महत्त्वाचा सिद्धांत सांगितला. गरिबीमुळे लाचार होऊन किमान वेतनापेक्षा कमी दराने राबणे, हीही सक्तीच होय. पसंतीवरच्या कामाला हे कलम लागू पडते, असे मी म्हणणार नाही. तुमच्या मुलाने स्वखुशीने नमुना दिला, असेच न्यायालय धरील. म्हणूनच ही वेठ अधिक फसवी आहे. येथे कोणी दंडुका उगारीत नाही. "तुमचे नाव होईल" एवढे गोड आश्वासन पुरते.

हे नाव कोणाला परवडते, याचा विचार करा. ज्याच्या पाठीशी वडिलार्जित वाडा आणि शेती आहे, तो सहा महिने बिनपैशाने नमुने करू शकेल. ज्याच्या आईने धुणीभांडी करून शिक्षणाचा खर्च भागविला, तो सहा आठवडेही थांबू शकत नाही. तो कला सोडतो आणि मिळेल ती चाकरी धरतो. अशा रीतीने ही पद्धत गुणांची निवड न करता ऐपतीची निवड करते, आणि आपली मुले दाराबाहेरच राहतात.

दुसरा धोका चोरीचा. माझ्याकडे आलेल्या एका तरुणाने एका व्यापाऱ्यास तीन बोधचिन्हे करून दिली. "पसंत नाहीत" असे उत्तर आले. काही महिन्यांनी त्यांतीलच एक किंचित बदलून त्या व्यापाऱ्याच्या पाटीवर झळकले. तरुणाजवळ ना पत्र होते, ना पोच.

या बाबतीत चार गोष्टी पक्क्या ध्यानात ठेवा. पहिली, १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे कृतीचा पहिला मालक सामान्यतः तिचा कर्ता असतो, आणि त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. मोबदला देऊन काढून घेतलेले चित्र किंवा छायाचित्र, वेगळा करार नसल्यास, काम सांगणाऱ्याचे होते. परंतु ज्याने मोबदलाच दिला नाही त्याला हा आधार मिळत नाही. हक्क दुसऱ्याला द्यावयाचा तर तो लेखी आणि सहीनिशीच द्यावा लागतो. म्हणून स्पर्धेच्या प्रवेशपत्रिकेवर सही करण्यापूर्वी अटी वाचा. कित्येकदा बक्षीस एकाला आणि हक्कांवर पाणी सर्वांचे, असा प्रकार असतो. दुसरी, हा कायदा कृतीचे रक्षण करतो, कल्पनेचे नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली आर. जी. आनंद यांच्या नाटकाच्या खटल्यात हे स्पष्ट केले. तोंडी सांगितलेली कल्पना म्हणजे उघड्यावर ठेवलेले धान्य होय. तिसरी, १८७२ च्या करार कायद्याचे कलम ७० असे सांगते की, फुकट करण्याचा हेतू न ठेवता कोणी दुसऱ्यासाठी कायदेशीर काम केले आणि दुसऱ्याने त्याचा लाभ घेतला, तर त्याने भरपाई दिली पाहिजे. चौथी, मुदत न ठरविता सांगितलेल्या कामाच्या पैशांचा दावा काम झाल्यापासून ३ वर्षांच्या आत लावावा लागतो. पुढे हक्क असूनही दार बंद होते.

परंतु कोर्टाची पायरी चढण्यापेक्षा आधीच सावध राहणे बरे. कोणी नमुना मागितला तर पूर्वी केलेली कामे दाखवा. नवा नमुना हवा असेल तर त्याचे वेगळे पैसे सांगा. निम्मी रक्कम आगाऊ घ्या. काम, दर, मुदत आणि किती वेळा दुरुस्ती करावयाची, हे एका कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्या.

"आपण नाही म्हटले तर दुसरा करील," असे तुम्ही म्हणाल. खरे आहे. एकट्याचा नकार दुबळा असतो. म्हणूनच बाबासाहेबांनी संघटित होण्यास सांगितले. एका शहरातील आपले चित्रकार व छायाचित्रकार एकत्र बसोत आणि बिनपैशाचा नमुना कोणीही द्यावयाचा नाही, एवढा एकच ठराव करोत.

आता थोडे आपल्याच घरात पाहू. वामनदादा कर्डकांसारख्या लोकशाहिरांनी आपली चळवळ गावोगाव नेली. आज जयंती मंडळे गायन पार्टीला "आधी गाऊन दाखवा, मग पाहू" असे म्हणत असतील, तर आपण जुन्या पाटलाहून वेगळे कसे? भगवंतांनी सिगालाला उपदेश करताना, मालकाने नोकराला शक्तीनुसार काम, अन्न व वेतन आणि आजारात शुश्रूषा द्यावी, असे सांगितले आहे. तो उपदेश मंडळांच्या पदाधिकाऱ्यांनाही लागू आहे. मानधन आधी ठरवा आणि कार्यक्रम संपताच द्या.

याचा अर्थ विहाराची भिंत रंगविणाऱ्या मुलाने पैसेच मागावेत, असा नव्हे. दान ही धम्मातील मोठी गोष्ट आहे. परंतु दान देणारा काय देतो, कोणाला देतो आणि का देतो हे जाणून देतो. दुसऱ्याच्या नफ्यासाठी, आशेला लावून, ज्याच्याकडून काढून घेतले जाते तो दाता नसतो. तो लुबाडलेला असतो. सम्यक् आजीविका म्हणजे आपण दुसऱ्याला लुबाडू नये, एवढेच मी मानीत नाही. आपल्या श्रमाचे मोल आपणच शून्य ठरवू नये, हेही तीत येते.

आईबापांना माझी विनंती आहे. मुलगा किंवा मुलगी "मी ते काम नाकारले" असे सांगत घरी आली, तर तिला रागे भरू नका. तिने आपल्या आजोबांचेच काम पुढे चालविले आहे.

जय भीम!