वेरूळचा दगड आणि घरांतला चुना



पदार्थांत होणारे फेरफार दोन प्रकारचे, भौतिक आणि रासायनिक, हें आपण सर्वांनीं शाळेंत ऐकलें आहे. ते ओळखावे कसे, असें विचारलें म्हणजे ठरलेलें उत्तर येतें : उलटवितां येतो तो भौतिक, उलटवितां येत नाहीं तो रासायनिक. शिक्षकाच्या पेशांत असतां हें उत्तर मीं शेंकडों उत्तरपत्रिकांत वाचलें. ही कसोटी कितपत टिकते, तें आज वेरूळास जाऊन पाहूं.

तेथील 16 व्या क्रमांकाचें कैलास लेणें आठव्या शतकांत, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळीं, डोंगर वरून खालीं खोदीत आणून कोरलें गेलें. हा डोंगर सुमारें 6.5 कोटी वर्षांपूर्वीं थिजलेल्या लाव्ह्याचा, म्हणजे काळ्या बेसाल्ट दगडाचा. छिन्नीनें उडालेली कपरी पुन्हां जागेवर बसवून अखंड डोंगर करणें ब्रह्मदेवालाहि साधावयाचें नाहीं. तरी ती कपरी बेसाल्टच आणि उरलेली मूर्तिहि बेसाल्टच. म्हणजे एवढा प्रचंड उद्योग, कधींहि न उलटणारा, आणि तरी केवळ भौतिक !

आतां चुन्याकडे वळूं. चुनखडी भट्टींत भाजली म्हणजे तींतील कार्बन डायऑक्साइड वायु निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. त्यावर पाणी घातलें कीं तो कढत होऊन फुलतो. हा भिजलेला चुना भिंतीवर बसला म्हणजे हवेंतील तोच वायु हळूहळू घेतो व पुन्हां चुनखडी बनतो. चक्र जेथून निघालें तेथेंच परत आलें. परंतु प्रत्येक पायरीवर पदार्थ निराळा झाला, म्हणून तीनहि फेरफार रासायनिक.

वेरूळच्या कांहीं लेण्यांत मातीचा गिलावा आहे. त्यांत भांगेच्या झाडाचे अंश मिसळलेले असल्याचें राजदेव सिंग व मिलिंद सरदेसाई या संशोधकांनीं 2016 सालीं प्रसिद्ध केलें. असा गिलावा वाळतो तेव्हां त्यांतील पाणी मात्र उडून जातें. माती मातीच राहते. म्हणून ओल लागली कीं तो पुन्हां चिखलाच्या वाटेला लागतो. चुन्याचा गिलावाहि वाळतांना तसाच दिसतो; पण तो नुसता वाळत नाहीं, तर नवा पदार्थ होऊन घट्ट बसतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच, पण एकाला पावसाची झिरप मारक आणि दुसरा तिला पुष्कळ काळ दाद देत नाहीं.

तेव्हां खरा प्रश्न एकच : नवा पदार्थ निर्माण झाला काय ? स्वयंपाकघरांत हाच विचारावा. नारळ खवला, गहूं दळले; उलट फिरणें नाहीं, तरी फेरफार भौतिक. हळदींत चुना कालविला कीं ती लाल होते. कुंकूं करण्याची जुनी रीत हीच. त्यावर लिंबूं पिळा, पिवळा रंग परत येतो. तरी फेरफार रासायनिक. डबींतला कापूर झिजतो तो भौतिक. आरतींत जळतो तो रासायनिक. रंग पालटणें, ऊन होणें, बुडबुडे येणें या खुणा आहेत, पुरावा नव्हे. उकळत्या पाण्यालाहि बुडबुडे येतात, पण वाफ म्हणजे पाणीच.

हा भेद केवळ परीक्षेपुरता नाहीं. उन्हानें तडकलेला दगड दगडच असतो. त्याची भेग सांधतां येते. पण हवापाण्यानें आंतून कुजत चाललेला बेसाल्ट अखेर माती होतो. मराठवाड्याची काळी जमीन अशीच बनली. लेण्यांचें रक्षण करणाराला उपाय योजण्यापूर्वीं विचारावें लागतें, समोर आहे तो फुटलेला दगड, कीं दगडपण गमावलेली माती ? आपल्या मुलांना पाठ केलेल्या व्याख्येऐवजीं हा प्रश्न विचारावयाची संवय लागली, तर विज्ञानाचा पहिला धडा त्यांना खरोखर आला असें म्हणतां येईल.