शिक्का पुसला, ऋण उरले

हुबळी शहरातील एका वस्तीस लोक आजही ‘सेटलमेंट’ म्हणूनच ओळखतात. हे नाव साधे वाटले, तरी त्यामागे एका मोठ्या अन्यायाची कहाणी आहे.

इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि १९११ च्या कायद्याने तो मुंबई प्रांतासही लागू झाला. कंजारभाट, कैकाडी, घंटीचोर अशा जमातींत जो जन्मला तो जन्मतःच संशयित ठरला. बोटांचे ठसे द्यावयाचे, हजेरी लावावयाची, परवान्यावाचून बाहेर पडावयाचे नाही, असा तो जाच होता. मुलांना आईबापांपासून तोडून निराळ्या शाळांत ठेवण्याचा अधिकारही सरकारने घेतला होता. हुबळी, गदग, विजापूर, सोलापूर येथील वसाहती याच धोरणातून उभ्या राहिल्या. चोरी कोणी केली, हा प्रश्नच उरला नव्हता. जात कोणती, एवढेच पाहिले जाई.

स्वतंत्र भारताने ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द केला. त्या जमाती ‘विमुक्त’ झाल्या. तथापि त्या रद्दीकरणात भरपाईचा एक शब्दही नव्हता. उलट अनेक राज्यांनी सराईत गुन्हेगारांसाठी नवे कायदे केले आणि पोलिसांची जुनी नजर कायम राहिली.

योगायोग असा, की त्यानंतर दहाच दिवसांनी, १० सप्टेंबर १९५२ रोजी, पश्चिम जर्मनीने लक्झेंबर्ग येथे करार करून नाझी अत्याचारांपायी इस्रायलला ३०० कोटी मार्क देण्याचे मान्य केले. अमेरिकेने दुसऱ्या महायुद्धात आपल्याच जपानी वंशाच्या नागरिकांना छावण्यांत डांबले होते. १९८८ च्या कायद्याने तिने त्यांची क्षमा मागितली आणि हयात असलेल्या प्रत्येकास २०,००० डॉलर दिले. पैशाने गेलेली वर्षे परत येत नाहीत, हे खरेच. परंतु ‘चूक आमची, तुमची नव्हे’ असे राज्यकर्त्यांनी म्हणताच पीडिताची मान वर होते.

आपल्याकडे काय झाले? बाळकृष्ण रेणके यांच्या आयोगाने २००८ साली अहवाल दिला. भटक्या-विमुक्तांची संख्या त्यात दहा कोटींहून अधिक धरली होती. २०२२ साली केंद्राने शिक्षण, आरोग्यविमा, उपजीविका व घरे यांसाठी पाच वर्षांकरिता २०० कोटींची योजना आणली. भागाकार करून पाहावा : माणशी वीस रुपयेही पडत नाहीत.

मदत ही कृपा असते. भरपाई हे ऋण फेडणे असते. पहिलीत देणारा मोठा ठरतो, दुसरीत घेणाऱ्याचा मान राहतो. राज्य बदलले म्हणून राज्याचे ऋण बुडत नाही. आणि ते केवळ सरकारचेच नव्हे. चोरी होताच ज्याचे बोट प्रथम त्या वस्तीकडे वळते, अशा प्रत्येकाच्या नावावर ते मांडलेले आहे.