चालतें नाणें

ज्या वस्तूला माणूस दिवसांतून अनेकदां हात लावतो आणि जिचा विचार मात्र क्वचितच करतो, अशी वस्तु म्हणजे नाणें. तें एका हातांतून दुसऱ्या हातांत जात असतें, तोंवर त्याच्यावर काय कोरलें आहे हें कोणी वाचीत नाहीं. परंतु एखादा दुकानदार तेंच नाणें उलटसुलट करून पाहतो आणि "हें चालत नाहीं" असें म्हणून परत सारतो, त्या क्षणीं एक जुना प्रश्न नव्यानें उभा राहतो. नाणें चालतें तें कशाच्या बळावर? धातूच्या, सरकारी शिक्क्याच्या, कीं घेणाऱ्याच्या विश्वासाच्या?

या प्रश्नाचा विचार करावयास गोदावरीच्या कांठचें शहागड हें फार सोयीचें ठिकाण आहे. हें गांव जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यांत, छत्रपति संभाजीनगराहून बीडकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर आहे. जालना हा स्वतंत्र जिल्हा झाला तो १ मे १९८१ रोजीं. त्यापूर्वीं अंबड तालुका औरंगाबाद जिल्ह्यांत मोडत असे, आणि १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत तो सारा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होता. त्या काळीं येथील लोकांच्या कमरेच्या कशांत जो रुपया असे, तो मुंबईच्या रुपयाहून निराळा होता. त्यास 'हाली सिक्का' म्हणत. हाली म्हणजे सध्यां चालू असलेला. त्याच्या एका बाजूस चारमिनाराचें चित्र असे, आणि त्या चारमिनाराच्या कमानींत राज्यकर्त्याच्या नांवाचें आद्याक्षर असे. मीर महबूब अली खानाच्या वेळीं 'मीम' व मीर उस्मान अली खानाच्या वेळीं 'ऐन'. इंग्रजी रुपयाला मात्र सारे लोक 'कलदार' म्हणत, कारण तो कळेवर, म्हणजे यंत्रावर, पाडलेला असे. पुढें हैदराबादचा रुपयाही यंत्रावरच पडूं लागला. परंतु कलदार हें नांव इंग्रजी रुपयाला चिकटलें तें चिकटलेंच.

या दोन रुपयांचा भाव ठरलेला होता. सात हाली म्हणजे सहा कलदार. सरकारी हिशेबांत शंभर कलदारांस ११६ रुपये १० आणे ८ पै हाली मोजावे लागत. हा भाव केवळ हुकमानें ठरला होता असें मात्र नव्हे. जुना हाली रुपया ११.१८ ग्रॅम वजनाचा, आणि त्यांत शेंकडा ८२ च्या आसपास चांदी. जुना कलदार ११.६६ ग्रॅम वजनाचा, आणि त्यांत शेंकडा ९१ च्या वर चांदी. हिशेब केला तर सात हाली रुपयांत सुमारें ६४ ग्रॅम शुद्ध चांदी भरते, आणि सहा कलदारांतही जवळजवळ तितकीच. तेव्हां त्या काळीं विश्वासाचें मूळ धातूंत होतें, असें म्हणावयास हरकत नाहीं. सराफ रुपया दगडावर वाजवून घेई, तो नाद ऐकण्यासाठींच. 'खणखणीत नाणें' हा शब्दप्रयोग आपल्या भाषेंत राहिला आहे तो त्या नादाची आठवण म्हणूनच.

परंतु सातांस सहा हा भाव रुपयांत जितका सरळ, तितका आण्यापैंत सरळ नव्हता. एका कलदार आण्याचे हाली चौदा पै बरोबर होत. उलट एका हाली आण्याचे कलदार दहा पै आणि वर एका पैचे दोन सप्तमांश होत. हे दोन सप्तमांश कोणत्याही टांकसाळींत पाडीत नाहींत. गोदावरीच्या वरच्या अंगास पैठण निजामाकडे होतें आणि पलीकडच्या तीरावरील मुंगी हें गांव इंग्रजी अंमलांतील अहमदनगर जिल्ह्यांत होतें. नाव एका कांठाहून दुसऱ्या कांठाला लागली कीं खिशांतल्या पैशांचें मोल बदले. अशा ठिकाणीं शेंपन्नास रुपयांचा व्यापार करणाऱ्यास त्या अपूर्णांकाची खंत नसे. परंतु आण्याचें मीठ नि आण्याचें तेल घेणाऱ्यास प्रत्येक खरेदींत तो अपूर्णांक कोणाच्या तरी पदरांत टाकावा लागे, आणि तो बहुधा मोजून देणाऱ्याच्या पदरांत पडण्याऐवजीं मोजून घेणाऱ्याच्याच पदरांत पडे. यालाच बट्टा म्हणत.

हैदराबाद संस्थान भारतांत आल्यावर १९५० सालीं भारतीय रुपया तेथें हाली रुपयाच्या जोडीनें चालूं लागला. १९५१ सालीं हाली रुपया काढणें बंद झालें. १ नोव्हेंबर १९५६ रोजीं मराठवाडा मुंबई राज्यांत आला. पुढें पांच महिन्यांनीं, १ एप्रिल १९५७ रोजीं, सोळा आण्यांचा रुपया शंभर नव्या पैशांचा झाला. आणि १९५९ सालीं हाली सिक्का कायद्यानें कायमचा बंद झाला. अवघ्या दहा वर्षांत शहागडच्या बाजारकऱ्यास इतके फेरफार अंगवळणीं पाडून घ्यावे लागले. आण्याचे सव्वासहा नवे पैसे होत. पाव पैसा कोठून आणावयाचा म्हणून एका आण्याचे सहा, दोन आण्यांचे बारा, तीन आण्यांचे एकोणीस आणि चार आण्यांचे पंचवीस असें कोष्टक ठरलें. जुनी पावली आणि आठ आणे नव्या हिशेबांत बिनतक्रार बसले. आणेली मात्र पाव पैशानें उणी पडली. चार जिनसांचे चार आणे एकदम दिले तर पंचवीस पैसे धरले जात, आणि चार वेळां एकेक आणा दिला तर चोवीसच. एकदम खरेदी करण्याइतका पैसा ज्याच्या गांठीं नसे, त्याच्याच वांट्यास तो एक पैसा गमावणें येई.

या साऱ्या इतिहासांतून एक गोष्ट निष्पन्न होते. नाणें बदलतें तेव्हां श्रीमंताचा हिशेब बदलतो; गरिबाची मात्र पुंजी घटते. मडक्यांत पुरून ठेवलेले रुपये मुदतींत बदलून आणावयाचे, तर मुदत कोणती हें आधीं कळावें लागतें, आणि तें ज्यास वाचतां येतें त्यालाच वेळेवर कळतें.

आतां कोणी म्हणेल कीं हा गतकाळ झाला. आज देशांत एकच रुपया आहे. तें खरें. परंतु आजच्या दहा रुपयांच्या नाण्याची कथा पाहिली म्हणजे जुना बट्टा वेष पालटून आला आहे असें दिसून येईल. दोन धातूंचें हें नाणें लोकांच्या हातीं आलें तें २००९ सालीं. २०११ सालीं त्यावर रुपयाचें नवें चिन्ह आलें. कांहीं नाण्यांवर दहा रेघा आहेत, कांहींवर पंधरा. कांहींवर चिन्ह आहे, कांहींवर नाहीं. निरनिराळ्या प्रसंगांच्या स्मरणार्थ काढलेलीं नाणीं वेगळींच. एवढ्या भिन्न रूपांवरून अफवा उठली कीं यांतील कांहीं खोटीं आहेत. रिझर्व्ह बँकेनें २०१६ च्या नोव्हेंबरांत खुलासा केला, आणि १७ जानेवारी २०१८ रोजीं पुन्हां स्पष्ट केलें कीं तोंवर निघालेले चौदाही नमुने खरे आहेत व सर्व चलनांत आहेत. २०११ च्या नाणे-कायद्याप्रमाणें एक रुपया व त्यावरील नाणीं एका वेळीं एक हजार रुपयांपर्यंत देतां येतात, आणि पन्नास पैशांचीं नाणीं दहा रुपयांपर्यंत. कायद्यानें गेलीं आहेत तीं पंचवीस पैसे व त्याखालचीं नाणीं. तीं ३० जून २०११ पासून बंद झालीं. तरीही महाराष्ट्रांतील पुष्कळ बाजारांत दहाचें खरें नाणें परत केलें जात असे, आणि पन्नास पैशांच्या नाण्याकडे तर कोणी पाहतही नाहीं.

असें कां व्हावें? भाजीवाली नाणें घेत नाहीं, कारण अडत्या तिच्याकडून घेणार नाहीं अशी तिला भीति असते. अडत्या घेत नाहीं, कारण पोतेंभर नाणीं मोजून भरणा करण्याची यातायात त्याला नको असते. एकालाही तें नाणें खोटें वाटत नाहीं. पुढचा मनुष्य तें खोटें समजेल असें मात्र प्रत्येकाला वाटतें. ज्या विश्वासावर नाणें चालतें, त्याच्या अभावीं तें अडतें, आणि अडतें तें अशा ठिकाणीं, जेथें नाहीं म्हणण्याची कोणाची प्राज्ञा नसते. ज्याच्या खिशांत नोट आहे किंवा ज्याला भ्रमणध्वनीवरून पैसे चुकते करतां येतात, त्याचें कांहीं बिघडत नाहीं. परंतु ज्या मोलकरणीला दहाचीं पांच नाणीं मजुरींत मिळालीं आणि किराणावाल्यानें तीं नाकारलीं, तिचे पन्नास रुपये त्या दिवशीं रुपये नव्हतेच.

म्हणून सुशिक्षित कुटुंबांनीं या बाबतींत दोन गोष्टी पाळाव्या. पहिली ही कीं, आपल्याकडे आलेलें खरें नाणें निमूटपणें घ्यावें आणि तें डब्यांत न सांठवतां बाजारांत फिरतें ठेवावें. नको असलेलीं नाणीं मजुरीच्या वेळीं दुर्बळाच्या हातावर ठेवून मोकळें होणें हा शहाणपणा नव्हे. तीं ज्याला बँकेत जाणें सोपें आहे त्यानेंच तेथें नेऊन भरावीं. दुसरी ही कीं, आजोबांच्या पेटींत एखादा चारमिनारी रुपया सांपडला, तर तो मात्र वाण्याकडे खर्चूं नये. त्याचें चलन संपलें आहे, पण त्यांतील चांदी अजून तशीच आहे, आणि तो रुपया ज्या बाजारांत चालला त्या बाजाराचा इतिहासही त्यावर कोरलेला आहे.

हाली रुपया चांदीमुळें चालला. आजचें नाणें केवळ परस्परांच्या शब्दावर चालतें. त्यांत चांदीचा कणही नाहीं. तेव्हां तें घेण्यास पुढें केलेला हात हीच त्याची खरी टांकसाळ होय.