उजेड डोंबिवलीला, राख चंद्रपूरला



नॉटिंगहॅमजवळ एम-वन मोटरवेवरून जाताना रॅटक्लिफच्या वीज केंद्राचे आठ अजस्र कूलिंग टॉवर आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिले असतील. माझी लेक लहानपणी त्यांना ‘ढगांचा कारखाना’ म्हणायची. ३० सप्टेंबर २०२४ला ते केंद्र बंद झालं. १८८२मध्ये लंडनला सुरू झालेली ब्रिटनची कोळशाची वीज १४२ वर्षांनी संपली.

परवा जेवताना लेकीनं विचारलं, “बाबा, आपण बंद केलं. मग इंडिया का करत नाही?”

त्या ‘आपण’पाशी मी अडखळलो. कारण मी डोंबिवलीत वाढलो, आणि आमच्या भागाची बरीच वीज चंद्रपूरहून यायची. तिथल्या महाऔष्णिक केंद्राची आजची क्षमता २,९२० मेगावॅट आहे. रॅटक्लिफची होती २,०००. मी इंजिनिअरिंगला होतो तेव्हा, १९९९मध्ये, चंद्रपूरहून भिवंडीजवळच्या पडघ्यापर्यंत ७५२ किलोमीटर लांबीची डीसी वीजवाहिनी सुरू झाली. क्षमता १,५०० मेगावॅट. रात्र रात्र दिवा लावून मी अभ्यास केला, पण त्या तारेच्या दुसऱ्या टोकाला काय असेल, हा विचार कधी मनात आला नाही.

आता धंद्याच्या सवयीनं ढोबळ हिशेब मांडतो. एका युनिटला आपल्याकडचा साधारण ६०० ते ७०० ग्रॅम कोळसा लागतो. एवढं मोठं केंद्र पूर्ण क्षमतेनं चाललं, तर तासाला सुमारे १,९०० टन. म्हणजे दोन तासांना एक अख्खी मालगाडी. भारतीय कोळशात ३० ते ४० टक्के राख असते, म्हणजे तासाला निदान साडेपाचशे टन राख. बहुतेक राख यंत्रं धुरातूनच पकडतात. ती सिमेंटला, विटांना जाते, नाहीतर पाण्यात कालवून राखेच्या तळ्यात सोडतात. वीज तारेतून निघून येते. राख तिथंच राहते.

आणखी एक गोष्ट. लेकीचे ते ‘ढग’ म्हणजे नुसती पाण्याची वाफ. त्रासदायक ते बाजूच्या उंच, निमुळत्या धुराड्यातून जातं आणि फारसं दिसतही नाही. त्यातला सल्फर डायऑक्साइड हवेत गेल्यावर त्याचे अतिसूक्ष्म कण बनतात आणि ते थेट फुप्फुसात उतरतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं २००९मध्ये देशातल्या अतिप्रदूषित औद्योगिक भागांची यादी केली, त्यात चंद्रपूर होतं. दोष एकट्या वीज केंद्राचा नाही. आसपास खाणी आहेत, सिमेंटचे कारखाने आहेत. पण श्वास घेणारी माणसं तीच.

रॅटक्लिफनं मात्र बंद होण्याची वाट पाहिली नव्हती. धुरातला सल्फर चुनखडीच्या पाण्यानं धुऊन काढणारी यंत्रणा तिथं १९९०च्या दशकातच बसली. त्यातून निघणारं जिप्सम घराच्या भिंतींच्या प्लास्टरबोर्डला वापरत असत.

भारतात डिसेंबर २०१५मध्ये नियम आला, मुदत होती दोन वर्षांची. मुदत वाढत गेली आणि जुलै २०२५मध्ये बहुतेक केंद्रांना या यंत्रणेतून सूटच मिळाली. आपल्या कोळशात सल्फर कमी, हे एक कारण दिलं गेलं. ते खरं आहे. पण कमी टक्का गुणिले प्रचंड टन, हे उत्तर लहान येत नाही. चंद्रपूरसारख्या आधीच प्रदूषित भागातल्या केंद्रांचा निर्णय एकेक प्रकरण पाहून व्हायचा, असं ठरलंय. म्हणजे बोलायला अजून जागा आहे.

लेकीला मी म्हटलं, “अगं, बंद करणं एका रात्रीत जमणार नाही. डोंबिवलीत आजीचा फ्रिज चालायला हवा. पण धूर धुऊन सोडणं आज जमतं. त्यासाठी युनिटमागे काही पैसे जास्त पडतील, ते आजीच्या बिलात यायला हवेत, चंद्रपूरच्या मुलांच्या छातीत नाही.”

ती म्हणाली, “मग हे आजीला सांगितलंस का?”

नव्हतं सांगितलं. या रविवारी फोनवर सांगणार आहे. तुम्हीही घरी फोन कराल तेव्हा एवढं विचारा: आपल्या घरची वीज नेमकी कुठून येते?