आधी आगकाड्या, मग संगणक
(मंडळाच्या वर्धापनदिनी पलूस येथे केलेले भाषण)



“मुलाला संगणक कोणत्या इयत्तेत घेऊन द्यावा?” असे आपल्यापैकी दोघी-तिघींनी मला विचारले. मी आपली जुनी प्राथमिक शिक्षिका. मी म्हणते, आधी सायकलच्या दुकानातून हातभर व्हॉल्व्ह ट्यूब आणा. हसू नका!

ही युक्ती माझी नव्हे, अरविंद गुप्तांची. कानपूरच्या आय.आय.टी.तून इंजिनियर होऊन ते पुण्यास टेल्कोत नोकरीला होते. १९७८ साली रजा घेऊन ते होशंगाबादच्या विज्ञान-शिक्षणाच्या कामात गेले, आणि आगकाड्या नि ही ट्यूब जोडून मुलांना आकार करावयास शिकवू लागले. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

दिवाळीच्या सुटीत मी नातीला घेऊन बसले. ट्यूबचे पेराएवढे तुकडे केले, गुल खरवडून काड्या त्यांत खोवल्या. तिसरी काडी बसवायची तर बाभळीच्या काट्याने भोक पाडायचे. त्रिकोण झाला, तो दाबूनही हलेना. चौकोन मात्र लगेच तिरका झाला. “कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत काडी टाक” हे माझ्या अगदी ओठांवर आले होते. खरे सांगते, गप्प बसणे मला पाठ घेण्यापेक्षा जड गेले! बऱ्याच वेळाने तिनेच खराट्याचा हीर मापाने तोडून आडवा बसविला. पंचकोनास दोन हीर लागले. “षट्कोनाला तीन,” ती न करताच म्हणाली. करून पाहिले, तर तीनच.

मोठे काम तुकड्यांत पाडणे, त्यातला नेम ओळखणे, चूक हुडकणे, यालाच ‘संगणकीय विचार’ म्हणतात. हा विचार वाचन-लेखनाइतकाच प्रत्येक मुलाला हवा, असे अमेरिकेतील प्राध्यापिका जेनेट विंग यांनी २००६ साली मांडले. आपल्या २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही तो कोडी नि खेळ यांतून बालवयापासून यावा असे म्हटले आहे.

दुसऱ्या दिवशी शेजारचा मुलगा बोलाविला. दोघांना पाठीला पाठ लावून बसविले. तिने आपला आकार सांगायचा, त्याने तसाच करायचा. “आता काडी वर लाव,” ही म्हणाली. त्याने भलतीकडेच लावली. भांडण जुंपले. “वर म्हणजे कुठे?” शेवटी तिने कोपऱ्यांना क, ख, ग अशी नावे दिली आणि पहिल्यापासून सांगू लागली. यंत्रालाही असेच सांगावे लागते. ‘चवीपुरते मीठ’ आपल्याला कळते, त्याला नाही.

शाळेचा ‘प्रकल्प’ घरोघरी रात्री जागून कोण पुरा करते, ते मी येथे विचारीत नाही! शेजारी किर्लोस्करवाडीत १९१० साली कारखाना उभा राहिला. हाताने काम करण्याचे अप्रूप आपल्या गावाला नवे नाही. मग मुलांच्याच हातातून काम का काढून घ्यावे?

येत्या शनिवारी दुपारी मी ट्यूब घेऊन मंडळात बसणार आहे. मुलांना पाठवा. बाभळीचे काटे मी आणीन. काड्यांचे गुल मात्र घरीच खरवडून द्या, आणि आयांनी कृपा करून बाहेरच्या ओट्यावर बसावे.